उजेडानें जागें होणारें औषध

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर २०२० सालच्या जून महिन्यांत एकाएकीं गुलाबी दिसूं लागलें, तेव्हां त्या नवलाची वार्ता देशभर पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेंही त्याची दखल घेतली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासलें व निर्वाळा दिला कीं, पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यांतच फोफावणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगद्रव्यामुळें हा रंग आला. एरव्हीं हें सरोवर हिरवें असतें, आणि तो हिरवेपणाही सूक्ष्म जीवांचाच असतो. ज्याचें चूर्ण हल्लीं औषधांच्या दुकानांत मिळतें तें स्पायरुलिना नांवाचें शेवाळ त्यांतलेंच. वनस्पतींतील हरितद्रव्य ऊन शोषून घेतें आणि त्या शक्तीवर अन्न तयार होतें, हें शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असतें. परंतु याच हरितद्रव्यांत थोडा फेरफार करून तें माणसाच्या शरीरांत घातलें व त्यावर तांबडा उजेड पाडला, तर अन्न तयार होत नाहीं, विध्वंस होतो. हा विध्वंस नेमका कर्करोगाच्या गांठींत घडवून आणण्याची जी विद्या आहे, तिला डॉक्टर लोक फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. या लेखांत तिला प्रकाशोपचार म्हटलें आहे. हा प्रकाशोपचार आणि घरोघरीं जिला केमो म्हणतात ती औषधयोजना, या दोहोंची सांगड कशी घालतां येईल, याचा शोध गेलीं कित्येक वर्षें चालूं आहे.

येथेंच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. स्पायरुलिनांत हरितद्रव्याची एकच जात असते, त्यामुळें तें शुद्ध करणें सोपें जातें. त्यापासून क्लोरिन ई-सिक्स नांवाचें द्रव्य बनवतात, आणि रशिया व जपान या देशांत वापरलीं जाणारीं कांहीं औषधें याच कुळांतलीं आहेत. परंतु हें शेवाळ हौदांत मुद्दाम वाढवलेलें असतें, लोणारच्या पाण्यांतून उपसलेलें नव्हे. शिवाय स्पायरुलिनाच्या गोळ्या खाऊन उन्हांत बसल्यानें कोणाचाही कर्करोग बरा होत नाहीं. दुधापासून तूप निघतें म्हणून कोणी दुधाची समई लावीत नाहीं.

या विद्येचा उगम एका योगायोगांत आहे. म्युनिक येथें हेर्मान फॉन टापायनर या प्राध्यापकांच्या हाताखालीं ऑस्कर राब नांवाचा विद्यार्थी ॲक्रिडीन या रंगाचा सूक्ष्म जीवांवर काय परिणाम होतो हें पाहत होता. रंग तोच, जीव तेच, प्रमाणही तेंच. पण एका वेळीं जीव झटपट मरत व दुसऱ्या वेळीं बराच काळ जगत. दुसरा एखादा विद्यार्थी हातून कांहीं चुकलें असें समजून वही मिटता. राबनें मात्र विचार केला, आणि त्याच्या ध्यानांत आलें कीं, जीव जगले तो दिवस वादळाचा व अंधारलेला होता. रंग एकटा निरुपद्रवी, उजेड एकटा निरुपद्रवी. दोन्ही एकत्र आले कीं मारक! १९०० सालीं हें प्रसिद्ध झालें. टापायनर यांनीं लवकरच तांबड्या शाईंत असणारा इओसिन हा रंग त्वचेच्या कर्करोगावर लावून पाहिला, आणि या क्रियेस प्राणवायूचीही गरज असते हें दाखवून दिलें.

पुढचा प्रसंग अंगावर कांटा आणणारा आहे. रक्ताच्या तांबड्या द्रव्यापासून काढलेलें हिमॅटोपॉर्फिरिन माणसावर काय परिणाम करतें हें पाहण्यासाठीं फ्रीडरिश मायर-बेत्स या जर्मन डॉक्टरांनीं १९१२ सालीं तें स्वतःच्याच शिरेंत टोचून घेतलें व ते उन्हांत गेले. चेहरा व हात इतके सुजले कीं ओळख पटूं नये, आणि उन्हाचा त्रास पुढें कित्येक आठवडे राहिला. कर्करोगावर मात्र या द्रव्याचा पद्धतशीर उपयोग व्हायला आणखी साठपांसष्ट वर्षें जावीं लागलीं. अमेरिकेंतील बफेलो येथें टॉमस डॉगर्टी व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं २५ रोग्यांच्या त्वचेंतील ११३ गांठींवर हा उपचार केल्याचें प्रसिद्ध केलें. त्यांपैकीं १११ गांठी पूर्णपणें किंवा अंशतः विरल्या. १९९३ सालीं कॅनडानें या औषधाला प्रथम मान्यता दिली. त्यानंतर अमेरिका, युरोप, जपान असा त्याचा प्रवास झाला.

या उपचाराला तीन गोष्टी एकाच ठिकाणीं व एकाच वेळीं लागतात : रंगद्रव्य, उजेड आणि प्राणवायु. रंगद्रव्य शिरेवाटे किंवा पोटांतून देतात अथवा वरून लावतात. कांहीं तास वा कांहीं दिवस गेले म्हणजे तें निरोगी भागापेक्षां गांठींत अधिक सांचलेलें असतें. मग बारीक कांचतंतूंतून आणलेला लेसरचा किंवा साध्या दिव्याचा तांबडा उजेड तेवढ्याच भागावर पाडतात. रंगद्रव्य ती शक्ति घेतें व शेजारच्या प्राणवायूला देतें. तो प्राणवायु इतका प्रक्षुब्ध होतो कीं समोर जें येईल तें जाळीत सुटतो. परंतु त्याचें आयुष्य क्षणाच्याही सूक्ष्म अंशाएवढें असतें. केंसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यांतल्या एखाद्या भागाइतकेंही अंतर त्याला नीटपणें ओलांडतां येत नाहीं. म्हणूनच उजेड पडेल तेथेंच नाश होतो, आणि याच गुणामुळें ही पद्धत डॉक्टरांना मोह घालते. चाकूनें कापलेला भाग जातो तो जातोच; प्रकाशोपचारानें मात्र गांठ मेली तरी खालचा तंतुमय सांगाडा बहुधा टिकतो व जखम सुबक भरून येते. त्याच जागेवर हा उपचार पुन्हां पुन्हां करतां येतो, हाही एक मोठा फायदा आहे.

उणीव पाहावयाची असेल तर रात्रीं खोलींत अंधार करून तळहातामागें विजेरी धरावी. बोटांमधून येणारा उजेड तांबडा दिसतो. निळा व हिरवा रक्तानें वाटेंतच गिळलेला असतो. तांबडा उजेडही शरीरांत फार तर अर्धा-पाऊण सेंटिमीटर उपयोगी पडेल इतका पोंचतो. म्हणजे त्वचा, तोंड, अन्ननलिका, मूत्राशय, श्वासनलिका अशा जेथें नळी घालून पोंचतां येतें तेथें, आणि तेंही पातळ गांठीपुरतें, याचें राज्य. गांठ जाड असेल किंवा रोगाचें बीज यकृतांत, फुप्फुसांत, हाडांत जाऊन पडलें असेल, तर उजेडाचा तेथें कांहीं इलाज चालत नाहीं.

केमोची गोष्ट याच्या नेमकी उलट. ती औषधें रक्ताबरोबर सर्व शरीरभर हिंडतात. त्यांचा इतिहास युद्धांतल्या विषारी वायूपासून सुरूं होतो : मोहरी-वायूच्या कुळांतील द्रव्य १९४२ सालीं अमेरिकेंत एका रोग्याला औषध म्हणून देण्यांत आलें. १९४८ सालीं सिडने फार्बर यांनीं मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर जें औषध वापरलें, त्याच्यामागें आंध्रांतून अमेरिकेस गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेचे श्रम होते. हीं औषधें भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. पण केंसांचीं मुळें, तोंडाचें आंतलें अस्तर आणि रक्त तयार करणारा मगज यांतल्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच. म्हणून केंस जातात, तोंड येतें, रक्त कमी होतें. शिवाय कित्येक कर्करोगी पेशी कालांतरानें चतुर होतात. त्यांच्या पातळ आवरणांत एक प्रकारचा पंप असतो. औषध आंत आलें कीं तो तें बाहेर फेकतो.

आपल्याकडे कोडावर पिढ्यान् पिढ्या वापरली जाणारी बावची या दोन्ही पद्धतींच्या सीमेवर बसते, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बावचींतील सोरालेन हें द्रव्य अतिनील किरण पडतांच पेशींच्या जननद्रव्याचे दोन धागे एकमेकांस बांधून टाकतें. मोहरी-वायूच्या कुळांतलीं केमोचीं औषधेंही हेंच करतात. फरक इतकाच कीं सोरालेन अंधारांत झोपलेलें असतें. रोग्याचें रक्त बाहेर काढून, त्यांतील पांढऱ्या पेशींवर सोरालेनच्या जातीचें औषध व अतिनील किरण यांचा प्रयोग करून त्या परत शरीरांत सोडण्याची एक पद्धत आहे. त्वचेंत उतरणाऱ्या एका विशिष्ट रक्त-कर्करोगासाठीं अमेरिकेनें तिला १९८८ सालीं मान्यता दिली.

आतां जोड-उपचाराचा मुख्य विचार. एक उपाय जागेवर काम करतो, दुसरा सर्वत्र. तेव्हां दोन्ही द्यावे म्हणजे झालें, असें कोणालाही वाटेल. परंतु या सांगडीचा अर्थ केवळ बेरजेचा नाहीं. प्रक्षुब्ध प्राणवायु पेशीच्या आवरणावर, तिच्या शक्तिकेंद्रांवर आणि त्या पंपावरही घाव घालतो. पंप मोडला कीं बाहेर फेकलें जाणारें औषध आंत टिकतें. उलट केमोनें अर्धमेली झालेली पेशी कमी उजेडानेंही मरते. प्रयोगशाळेंत असें वारंवार आढळलें आहे कीं, केमोला दाद न देणाऱ्या पेशी उजेडाला मात्र दाद देतात, कारण या दोन शत्रूंचे मार्ग निराळे आहेत. मग दोहोंचीं प्रमाणें उतरवून तोच परिणाम साधला, तर रोग्याचे हाल कमी होतील, ही यामागची आशा.

खरी अडचण क्रमाची आहे. प्रकाशोपचारानें गांठींतल्या रक्तवाहिन्यांवरही परिणाम होतो. उजेड सौम्य असेल तर त्या वाहिन्या कांहीं काळ पाझरूं लागतात आणि रक्तांतलें औषध गांठींत अधिक उतरतें. उजेड प्रखर असेल तर त्या बंद पडतात. शेतकऱ्याला हें निराळें समजवावें लागणार नाहीं : पाटाचें दार आधीं बंद केलें आणि मग विहिरीवरची मोटर सुरूं केली, तर वाफ्यांत पाणी यावें कोठून? पण वाफा भरल्यावर दार लावलें तर पाणी आंतच राहतें. म्हणजे तींच दोन औषधें, तेवढाच उजेड, पण आधीं काय आणि नंतर काय यावर यश अवलंबून. दोन उपचारांत तासाचें अंतर ठेवावें कीं आठवड्याचें, हेंही औषधागणिक बदलतें. वर्तमानपत्रांत दोन उपाय एकत्र करून कर्करोगावर मात अशा मथळ्याखालीं जें छापून येतें, त्यांत या क्रमाविषयीं बहुधा एक ओळही नसते.

क्रमाचा विचार करून केलेला एक सुंदर प्रयोग ऑस्लो येथें क्रिस्टियान बर्ग यांच्या कल्पनेंतून निघाला. ब्लिओमायसिन हें केमोचें जुनें औषध आहे. तें पेशींत शिरतें, पण लहान लहान पिशव्यांत कोंडून पडतें व मुख्य ठिकाणीं पोंचण्याआधींच नष्ट होतें. बर्ग यांनीं असें रंगद्रव्य योजलें कीं जें त्या पिशव्यांच्या आवरणांत जाऊन बसेल. उजेड पडला कीं पिशव्या फुटतात आणि कोंडलेलें औषध मोकळें होतें. येथें उजेडाचें काम मारण्याचें नसून कुलूप उघडण्याचें आहे. लंडन येथील रुग्णालयांत २२ रोग्यांवर ही पद्धत तपासली गेली व तिचा वृत्तान्त २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. पहिल्या दिवशीं रंगद्रव्य, चार दिवसांनीं ब्लिओमायसिन आणि त्यानंतर तीन तासांनीं उजेड, असा क्रम होता. हा प्रयोग मुख्यतः औषध माणसाला सोसतें कीं नाहीं हें पाहण्याचा होता. तें सोसतें असें ठरलें आणि गांठी विरल्याचेंही दिसलें. त्याच वर्षीं बॉस्टन येथें तय्यबा हसन यांच्या प्रयोगशाळेनें रंगद्रव्य आणि कॅबोझँटिनिब हें कर्करोगावरचें औषध एकाच सूक्ष्म पुडींत भरून, उजेड पडतांच ती पुडी फुटेल अशी योजना स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठीं उंदरांवर यशस्वी केली. उंदीर आणि माणूस यांमध्यें किती मोठें अंतर असतें, हें अशा बातम्या वाचतांना विसरूं नये.

माणसांवरचा सर्वांत बोलका पुरावा पित्तनलिकेच्या कर्करोगांतून मिळतो. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रोग्यांत पित्त वाहावें म्हणून नलिकेंत जाळीची नळी बसवतात. २००३ सालीं जर्मनींतून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ज्यांना नळी व प्रकाशोपचार दोन्ही मिळाले, त्यांतले निम्मे रोगी ४९३ दिवसांची मजल ओलांडूं शकले. नुसती नळी मिळालेल्यांत हाच आंकडा ९८ दिवसांचा होता. साहजिकच मोठा गाजावाजा झाला. मग २०१४ सालीं कोरियांतील डॉक्टरांनीं नेमका जोड-उपचाराचा प्रश्न घेतला. ४३ रोग्यांचे दैवगतीनें दोन गट पाडले. एकाला नुसता प्रकाशोपचार. दुसऱ्याला त्याबरोबर पोटांतून घ्यावयाचें एस-वन हें केमोचें औषध. पहिल्या गटांत निम्मे रोगी ८ महिन्यांपर्यंत तगले, दुसऱ्यांत १७ महिन्यांपर्यंत.

येथें थांबावें आणि जयजयकार करावा असें वाटतें. परंतु २०१८ सालीं इंग्लंडमधील ९२ रोग्यांच्या प्रयोगाचा निकाल आला, आणि तो उलटा होता. प्रकाशोपचार मिळालेल्या गटांत हा काळ ६.२ महिने, तर नुसती नळी असलेल्या गटांत ९.८ महिने. कारणांचा शोध घेतां असें दिसलें कीं, नुसती नळी असलेल्यांपैकीं बऱ्याच अधिक लोकांना पुढें केमो मिळाली होती. म्हणजे प्रकाशोपचारानें केमोची जागा घेतली तर रोग्याचा तोटा होऊं शकतो; केमोच्या जोडीला तो आला तर कदाचित् फायदा. तिन्ही प्रयोग लहान आहेत आणि त्यांतले रोगीही सर्वस्वीं सारखे नव्हते, म्हणून हा शेवटचा शब्द मानतां येत नाहीं. पण जो डॉक्टर प्रकाशोपचार सुचवील त्याला केमोचें काय, ती आधीं कीं नंतर, असा प्रश्न रोग्याच्या घरच्यांनीं न संकोचतां विचारावा, इतकें यांतून निश्चित निघतें.

सांगड कशी घालावी याचा धडा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानेंही दिला आहे, मात्र तो उजेडाचा नसून किरणोपचाराचा आहे. १९४१ सालीं उघडलेल्या या रुग्णालयांत मलकापूर, नांदुरा वा शेगांव स्थानकावर गाडींत बसून गेलेलीं माणसें वऱ्हाडांतल्या कित्येक गांवीं सांपडतील. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगांत किरणांबरोबर सिसप्लॅटिन हें केमोचें औषध देतात, कारण त्यानें पेशी किरणांना अधिक बळी पडतात. तें दर आठवड्याला थोडें थोडें द्यावें कीं तीन आठवड्यांनीं एकदम मोठें, हा वाद होता. थोडें थोडें सोसायला बरें, म्हणून पुष्कळ डॉक्टर तेंच देत. ३०० रोग्यांवर तपासणी करून २०१८ सालीं टाटा रुग्णालयानें दाखवलें कीं, तीन आठवड्यांच्या पद्धतींत दोन वर्षांनंतर ७३.१ टक्के रोग्यांचा रोग जागच्या जागीं आटोक्यांत राहिला होता. आठवड्याच्या पद्धतींत ५८.५ टक्क्यांचा. त्रास मात्र पहिल्या पद्धतींत अधिक झाला. औषध तेंच, किरण तेच. बदलली ती मात्रा व वेळ.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीनें या साऱ्याचा संबंध येतो तो मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाशीं. २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील २४.४ टक्के प्रौढ माणसें धूर न काढतां तंबाखू सेवन करणारीं, म्हणजे चघळणारीं, दाढेखालीं ठेवणारीं किंवा मिश्री लावणारीं, आढळलीं. राज्यानें गुटख्यावर २०१२ सालीं बंदी घातली, तरी तंबाखूची चंची व सुपारी घरांतच असते. दाढेखालीं जेथें तंबाखूची गोळी बसते तेथेंच गालाच्या आंत पांढरा किंवा लाल चट्टा उठतो. सुपारीनें तोंड उघडणें आंखडत जातें. दोनतीन आठवड्यांत न भरणारा व्रण दुखत नाहीं, म्हणूनच तो घातक. प्रकाशोपचाराचा तांबडा उजेड ज्या खोलीपर्यंत पोंचतो ती याच अवस्थेची खोली आहे. गाल भेदून गांठ मानेंत उतरली कीं शस्त्रक्रिया, किरण आणि केमो हाच मार्ग उरतो.

औषध घेतल्यानंतरचीं पथ्यें शेतांत राबणाऱ्या माणसाला कशीं जमावीं हाही विचार आहे. जुन्या पॉर्फिरिन औषधानंतर निदान ३० दिवस कडक उजेड टाळावा लागतो, नाहीं तर मायर-बेत्स यांच्यासारखी गत होते. वैशाखांतल्या वऱ्हाडी उन्हांत, पत्र्याच्या घरांत, हें पथ्य म्हणजे महिन्याची मजुरी गेली असें समजावें. ॲमिनोलेव्हुलिनिक आम्ल हें नवें द्रव्य पोटांतून घेतां येतें. शरीर स्वतःच त्यापासून रंगद्रव्य तयार करतें, आणि एकदोन दिवसांत तें निघूनही जातें.

याच द्रव्याचा उपयोग करून अलीगढ येथील वैद्यकीय महाविद्यालयानें अमेरिकेंतील सहकाऱ्यांसह तोंडाच्या आरंभींच्या कर्करोगावर सुमारें तीस रोग्यांत उपचार केले. त्याचे वृत्तान्त २०२० ते २०२२ या काळांत प्रसिद्ध झाले. महागड्या लेसरऐवजीं बॅटरीवर चालणारा छोटा दिवा होता, म्हणजे वीज गेली तरी काम अडूं नये. आणि चट्टा कोठवर पसरला आहे हें मोबाइल फोनला जोडलेल्या साधनानें पाहत, कारण हें रंगद्रव्य निळ्या उजेडांत स्वतःच तांबडें चमकतें. बहुतेक रोग्यांना गुण आला. त्यांत केमोची जोड नव्हती. अशा दिव्याबरोबर कोणतें औषध, किती आणि उजेडाच्या आधीं कीं नंतर द्यावें, हें तोंडाच्या कर्करोगांत मोठ्या प्रयोगानें अजून ठरावयाचें आहे. तोंवर हा जोड-उपचार प्रयोगाच्या शिस्तींतच, डॉक्टरांनीं लेखी समजावून दिल्यावर घ्यावयाचा असतो. आणि गालांतला चट्टा दिसल्यावर पहिली खेप मात्र जवळच्या दंतवैद्याकडे किंवा जिल्हा रुग्णालयांतच करावी, तेथें बारीकसा तुकडा काढून तपासणीस पाठवतात.